चूल बदलायची, रस्सा नाही: बिल्ड मशीनच्या अपग्रेडबद्दल

प्रश्न असा आला आहे. गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये बारा जणांची टीम, चार बिल्ड मशिनी (बोर्डांवर जाणारं सॉफ्टवेअर बनवणारे संगणक), चारही उबुंटू १८.०४ या जुन्या लिनक्सवर. पहिलीवर योक्टो (बोर्डासाठी अख्खं लिनक्स बनवणारं साधन), त्याची डनफेल शाखा. दुसरी-तिसरीवर जुन्या ३२-बिट आर्म बोर्डाचं यू-बूट (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम), कर्नल आणि शेल स्क्रिप्टने हाताने जुळवलेली रूटएफएस, म्हणजे बोर्डावरच्या सगळ्या फाइलींचा संच. चौथीवर कॉर्टेक्स-एम या छोट्या चिपांचं फर्मवेअर, विकतच्या कंपायलरने. ऑडिटवाल्यांनी सांगितलं की महिनाअखेर सगळं २४.०४ वर हवं. आणि विचारणाऱ्या ताईंचा सरळ सवाल: शुक्रवारी संध्याकाळी डू-रिलीज-अपग्रेड (उबुंटू जागच्या जागी अपग्रेड करणारी आज्ञा) लावून घरी गेलं तर सोमवारी काय होईल?

सोमवारी बहुधा बरंचसं बिल्ड होईल. मला भीती त्याचीच वाटते.

बिल्ड पडलं तर बरं असतं. एरर समोर दिसते, दोन तास डोकं खाजवलं की वाट सापडते. खरी महाग पडते ती न कुरकुरता बनलेली इमेज (बोर्डावर टाकायची तयार फाइल), जी टेबलावरच्या बोर्डावर चालते आणि शेतातल्या खांबावर गेली की आडवी होते. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: बोर्डावर जाणारा एकही बाइट बिल्ड मशीनच्या ओएसमधून यायला नको. सावजीचा रस्सा चुलीवर करा की गॅसवर, मसाला तोच असेल तर चव तीच यायला हवी. (चुलीवरच्या रश्शाची बातच वेगळी म्हणणारे माझ्याही घरी आहेत. ती राखेची चव आहे असं मी त्यांना सांगतो आणि जेवायला बसतो.) आपल्याला अपग्रेडच्या आधी नेमकी तीच राख शोधायची आहे, म्हणजे जुन्या ओएसमधून आपल्या इमेजमध्ये काय काय पडत होतं ते.

ही राख मी स्वतः खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी एका कामात शेतातल्या पंपांचे कंट्रोलर होते, काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये बसवलेले. मुख्य सॉफ्टवेअर लिनारोच्या टूलचेनने (कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधनं) बनायचं, ती टूलचेन एका वेगळ्या फोल्डरमध्ये नीट ठेवलेली. पण लॉग पाठवणारं एक छोटं टूल होतं, दोनेकशे ओळींचं. ते लिहिणाऱ्याने घाईत एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या भांडारातून, उबुंटूचाच आर्म क्रॉस कंपायलर (बिल्ड मशीनवर बसून आर्म बोर्डासाठी बनवणारा) टाकून घेतला आणि मेकफाइलमध्ये तोच राहून गेला. मशीन २०.०४ वर होती तोवर कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी ती २२.०४ वर नेली. सगळं हिरवं, टेबलावरचा बोर्ड ठणठणीत. त्या बोर्डात मीच महिनाभर आधी प्रयोगासाठी नवी रूटएफएस टाकली होती, हे मात्र विसरलो. अपडेट हवेतून गेलं आणि चौदा कंट्रोलर गप्प. लॉग पाठवणारंच टूल मेलेलं, त्यामुळे का गप्प हेही कळेना. मे महिना, बाइक, पाठीवर लॅपटॉप, डोक्याला दुपट्टा. पहिल्या खांबाला सिरियल केबल लावली तेव्हा ती ओळ दिसली: जीलिबसी २.३४ नॉट फाउंड.

हे का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्याही बाबतीत हे होऊ शकतं. जीलिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी, आणि तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनला व्हर्जनचा शिक्का असतो. तुमची बायनरी ज्या-ज्या फंक्शनला हाक मारते त्यांच्यातला सगळ्यात नवा शिक्का जो, तेवढी जीलिबसी बोर्डावर लागते. आमच्या बोर्डावर २.२८ होती आणि २०.०४ मध्ये २.३१ आहे, तरी ते टूल चालत होतं, कारण ते वापरत असलेली फंक्शन्स सगळी जुन्या शिक्क्याची होती. २.३४ मध्ये मात्र पीथ्रेडची (थ्रेड चालवणारी) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. तेव्हापासून २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीशी जोडलेला कुठलाही प्रोग्रॅम, अगदी हॅलो वर्ल्डसुद्धा, बोर्डावर किमान २.३४ मागतो. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. १८.०४ मध्ये २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. म्हणजे तुमची उडी बरोबर त्या भिंतीवरून आहे.

आणि ३२-बिट आर्म असेल तर याच जागी दुसरा खड्डा आहे. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिटांतली वेळ संपते म्हणून उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ यांनी ३२-बिट आर्मसाठी वेळेचा प्रकार ६४-बिटांचा केला. चांगलंच केलं. पण अर्ध्या लायब्ररी जुन्या मापाच्या आणि अर्ध्या नव्या मापाच्या एकत्र आल्या की स्ट्रक्चरचे आकार जुळत नाहीत, आणि तिथे लिंकर काही बोलत नाही. ओएसचा क्रॉस कंपायलर वापरू नका, याचं हे दुसरं कारण.

तर पहिलं काम: जुनी मशीन जशी आहे तशी राहू द्या, तिला हात लावू नका. जागच्या जागी अपग्रेड केलं तर तुलनेला काही उरतच नाही. शिवाय एलटीएसवरून (दीर्घ मुदतीची आवृत्ती) एलटीएसवर एकेक पायरीच चढता येते, १८ वरून २०, मग २२, मग २४. तीन पायऱ्या, दर पायरीला बाहेरच्या रेपॉझिटरी बंद केल्या जातात, कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी हे विचारलं जातं, आणि मध्येच लाइन गेली व यूपीएस दहा मिनिटांचाच असला की अर्धवट बसलेल्या पॅकेजांचा उकिरडा सोमवारी तुमच्या स्वागताला. नवी डिस्क आणा, तिच्यावर २४.०४ कोरी टाका. डिस्कचे पैसे द्यायला व्यवस्थापन कुरकुरलं तर त्यांना काटोलच्या पेट्रोलचा हिशेब दाखवा.

दुसरं काम लोक हमखास टाळतात. जुन्या मशीनवर, जुन्याच ओएसवर, एकच कमिट (कोडची एकच नोंदवलेली अवस्था) दोनदा बिल्ड करा आणि दोन्ही इमेज ताडून बघा. त्या सारख्या येणार नाहीत. कर्नल आपल्या पोटात बिल्डची वेळ, वापरकर्त्याचं नाव आणि मशीनचं नाव लिहून ठेवतो. कुणीतरी व्हर्जनच्या स्ट्रिंगमध्ये डेट-टाइमचे मॅक्रो वापरलेले असतात. डीबग माहितीत फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो. हा सगळा गोंगाट आधी बंद करा. कर्नलला वेळ, युजर आणि होस्ट बाहेरून ठरवून देता येतात. जीसीसी या कंपायलरमध्ये ७ पासून सोर्स-डेट-इपॉक हा बिल्डची वेळ ठरवून देणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाळला जातो, तो कमिटच्या तारखेला बांधून टाका. दोन्ही वेळा एकाच पत्त्याच्या फोल्डरमध्ये बिल्ड करा. फरक कुठे आहे हे शोधायला डिफोस्कोप वापरा. रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सच्या कामासाठी डेबियनच्या मंडळींनी बनवलेलं हत्यार आहे, इमेज उघडून, त्यातल्या फाइली उघडून, त्यातले सेक्शन उघडून नेमका फरक दाखवतं. मोठ्या रूटएफएसवर ते तासन्‌तास चालतं आणि रॅम खातं, म्हणून आधी साध्या चेकसमने (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा) फाइलींची यादी गाळून घ्या आणि फरक पडलेल्या फाइलीच त्याच्यापुढे ठेवा.

या कामाला तुम्हाला आठवडा लागेल. लागू द्या. जुनी विरुद्ध जुनी ही तुलना शून्यावर आल्याशिवाय जुनी विरुद्ध नवी या तुलनेला काही अर्थच नाही, कारण राख कुठली आणि धूळ कुठली हे कळणार नाही.

त्याच्यासोबत पाच मिनिटांची एक चाचणी आज जेवणाआधी करून बघा. रूटएफएसमधल्या प्रत्येक बायनरीचा कॉमेंट सेक्शन रीडएल्फ या साधनाने वाचा. जीसीसी तिथे आपली सही करून ठेवतो. त्या सहीत उबुंटू हा शब्द दिसला, की ती फाइल ओएसच्या कंपायलरमधून आली आहे. आमच्याकडे हा एक शब्द शोधला असता तर काटोल टळलं असतं. दोनशे फाइलींत अशा तीन-चार निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या नेमक्या अशा निघतील ज्या कुणाच्याच नावावर नाहीत. बायनरी स्ट्रिप करताना, म्हणजे तिच्यातली जादा माहिती काढताना, हा सेक्शनही काढलेला असू शकतो, म्हणून स्ट्रिप व्हायच्या आधीच्या फाइली तपासा.

सहीत न दिसणारी गळती पीकेजी-कॉन्फिगची, म्हणजे लायब्ररी कुठे आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या साधनाची. सिसरूट (बोर्डाच्या लायब्ररी आणि हेडर ठेवलेलं फोल्डर) नीट सांगितला नसेल तर तो मुकाट्याने बिल्ड मशीनच्याच लायब्ररींची माहिती उचलतो. इन्क्लूडचा पत्ता एक्स-८६ च्या हेडरवर जातो, आणि दोन्हींमध्ये व्हर्जन जवळपास सारखं असेल तर कंपायलही होऊन जातं. १८.०४ वर ही चूक वर्षानुवर्षं पचते आणि २४.०४ वर हेडर सहा वर्षांनी पुढे गेले की मग कुठेतरी एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड जास्त होतं. पीकेजी-कॉन्फिगचा शोधण्याचा मार्ग पूर्णपणे सिसरूटकडे वळवा, आणि तुमच्या टूलचेनमध्ये सिस्टिम फोल्डरचे पत्ते पकडून देणारी वॉर्निंग असेल तर ती एरर करून टाका. योक्टो आणि त्याच्याच जातीचं बिल्डरूट हे स्वतःहून करतात. तुमची हाताने लिहिलेली स्क्रिप्ट करत नाही.

त्या स्क्रिप्टबद्दलच मला जास्त काळजी आहे, म्हणून थोडं थांबतो.

रूटएफएस जुळवून झाल्यावर ती शेवटी एमकेएफएसने (फाइलसिस्टिम तयार करणारी आज्ञा) एक्स्ट४ इमेज बनवत असणार, आणि हा एमकेएफएस कुठला? बिल्ड मशीनचा. आता गंमत बघा. एमकेएफएस ज्या संचातून येतो त्या ई-टू-एफएस-प्रोग्सच्या १.४३ पासून मेटाडेटा चेकसम आणि ६४-बिट ही फीचर आपोआप चालू झाली. १.४७ मध्ये ऑर्फन-फाइल आणि मेटाडेटा-चेकसम-सीड ही आणखी दोन मूळ प्रकल्पाने आपोआप चालू केली. यातलं सीडवालं फीचर असलेली फाइलसिस्टिम ४.४ च्या आधीचा कर्नल माउंटच करत नाही. ऑर्फन-फाइलवाली तो माउंट करतो, पण बोर्डावरचा जुना एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारा) ती पाहिली की फीचर-सी-१२ असं काहीतरी अनोळखी नाव सांगून हात वर करतो आणि म्हणतो, नवा ई-टू-एफएससीके आणा. बूट स्क्रिप्टला वाटतं डिस्क खराब झाली, ती बोर्डाला देखभालीच्या शेलमध्ये नेऊन बसवते, आणि खांबावरच्या डब्याला कीबोर्ड कुठला? बिल्ड हिरवं, इमेज ताजी, बोर्ड आडवा. उपाय सोपा आहे: कोणती फीचर हवीत ते स्क्रिप्टमध्ये नाव घेऊन लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. त्याहून बरा उपाय म्हणजे एमकेएफएससुद्धा स्वतः कंपायल करून टूलचेनसोबत ठेवायचा. योक्टो तेच करतो, म्हणून तुमची पहिली मशीन या भानगडीत नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट. बोर्डासाठी डेब पॅकेज बनवत असाल तर उबुंटू २१.१० पासून तिथला डीपीकेजी (डेब पॅकेज बनवणारं-उघडणारं साधन) पॅकेज झेड-स्टँडर्डने दाबतो. बोर्डावर डेबियन ११ असेल तर तिथला डीपीकेजी ते उघडूच शकत नाही. दाबण्याची पद्धत एक्सझेड अशी स्पष्ट सांगा. आणि डेपमॉडला (कर्नल मॉड्यूलांची यादी बनवणारी आज्ञा) कर्नलचं व्हर्जन दिलं नसेल तर तो चालू असलेल्या कर्नलचं, म्हणजे बिल्ड मशीनचं, व्हर्जन धरतो. आजही धरतच असेल, फक्त कुणीतरी त्याच्यावर एक ओळ टाकून झाकलेलं असेल. स्क्रिप्टमध्ये यू-नेम (चालू कर्नलचं व्हर्जन सांगणारी आज्ञा) हा शब्द शोधा, जिथे सापडेल तिथे संशयाने बघा.

आता मोठ्याने ओरडणाऱ्या चुका. त्या भराभर सांगतो, कारण त्या सापडतातच. कर्नल आणि यू-बूट बनताना काही साधनं बिल्ड मशीनसाठीच कंपायल होतात, आणि तिथे ओएसचाच जीसीसी लागतो. जीसीसी १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत असणं चालत नाही, त्यामुळे जुन्या कर्नलमधला डिव्हाइस ट्रीचा कंपायलर, डीटीसी, वाय-वाय-एल-लॉक हा व्हेरिएबल दोनदा व्याख्यात आहे म्हणून पडतो. पुढच्या कर्नलांतून ती ओळ काढलेली आहे, तुम्हीही लेक्सरच्या फाइलमधून तेवढी एक ओळ काढा. जुन्या बिल्डरूट किंवा योक्टोत एम४ (मॅक्रो उलगडणारं साधन) पडतो, कारण जीलिबसी २.३४ मध्ये सिग्नल स्टॅकच्या आकाराचा आकडा स्थिर राहिला नाही. फेकरूट (रूट असल्याचं सोंग करून फाइली बनवणारं साधन) पडतो, कारण २.३३ मध्ये स्टॅटची अंतर्गत रचना बदलली. जुनी टूलचेन ३२-बिट एक्स-८६ ची असेल तर तुम्हाला सगळ्यात चमत्कारिक एरर दिसेल: फाइल समोर आहे, एलएस दाखवतं, आणि चालवली की नो सच फाइल. ती ज्या फाइलबद्दल बोलते ती तुमची नव्हे, ३२-बिटांचा लोडर आहे. आय-३८६ आर्किटेक्चर जोडून लिबसी टाकली की भागतं. जुन्या जीडीबीला लागणारी एन-कर्सेस ५ मात्र २४.०४ च्या भांडारात मिळणार नाही. पायथन २ ची स्क्रिप्ट उरली असेल तर तीही तिथेच अडकेल, आणि पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स गेलेलं आहे.

टेस्ट रॅककडेही एकदा बघून घ्या. ओपनएसएसएच ८.८ पासून जुन्या आरएसए-शा-१ सह्या बंद आहेत, म्हणजे नवी मशीन जुन्या बोर्डाच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरशी बोलायलाच नकार देऊ शकते. सवलत द्यायची तर कॉन्फिगमध्ये तेवढ्या बोर्डांच्या पत्त्यांनाच द्या. सगळ्या जगाला उघडी करून ठेवलेली मशीन मी पाहिली आहे, अपग्रेडच्याच नावाखाली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं दुरुस्त करत बसलो तर महिनाअखेर कधी गाठायची? तर हे सगळं २४.०४ वर दुरुस्त करायचंच नाही. २४.०४ फक्त खाली राहील, बिल्ड कंटेनरमध्ये (खालच्या मशीनच्या, म्हणजे होस्टच्या, कर्नलवर चालणाऱ्या बंद डब्यात) होईल, आणि कंटेनरच्या आत आज जे १८.०४ आहे तेच राहील. नवा कर्नल खाली आणि जुनं यूजरलँड (कर्नल सोडून बाकी सगळं) वर ही जोडी सहसा नीट नांदते. उलट जोडी त्रास देते: २२.०४ चा कंटेनर जुन्या होस्टवर चालवला आणि कंटेनर चालवणारा डॉकर २०.१०.१० च्या आधीचा असला, तर जीलिबसी क्लोन-३ ही सिस्टिम कॉल मागते, डॉकरची चाळणी तिला चुकीचं उत्तर देते आणि साधं एपीटी अपडेटही पडतं. म्हणून आधी होस्ट वर न्यायचा, कंटेनर मागाहून.

कंटेनर बनवताना डॉकरफाइलवर विसंबू नका. डॉकरफाइल ही पाककृती आहे, आणि पाककृतीतले जिन्नस बाजारातून गायब होतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि ज्यांच्या फाइलींत नेहमीचे मिरर लिहिलेले होते त्यांचे कंटेनर बनेनासे झाले, व्हॉल्टचे, म्हणजे जुन्या पॅकेजांच्या कोठाराचे, पत्ते घालत बसावं लागलं. बनलेली इमेज स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा, टार करून दोन डिस्कांवर ठेवा, आणि बिल्ड स्क्रिप्टमध्ये तिचं नाव टॅगने न घेता डायजेस्टने (मजकुरावरून निघणाऱ्या ठशाने) घ्या. टॅग कुणीही हलवू शकतो. सोर्सचे टारबॉलसुद्धा स्वतःच्या मिररवर आणा, म्हणजे बिल्ड चालू असताना कंटेनरचं नेटवर्क पूर्ण बंद ठेवता येतं.

ऑडिटवाला यावर बोट ठेवेल: आत तर १८.०४ च आहे ना? आहे. त्याला खरं ते सांगा. जगाला तोंड देणारं जे काही आहे, एसएसएच, बिल्ड आपोआप लावणाऱ्या जेन्किन्सचा एजंट, डॉकर, कर्नल, ते सगळं २४.०४ चं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. आतला डबा नेटवर्कविना चालतो, ठरावीक सोर्स घेतो, इमेज देतो. हे कर्ज फिटलेलं नाही, कमी व्याजाच्या खात्यात गेलं आहे. आणि घाईच नको असेल तर तीही सोय आहे: १८.०४ ची नेहमीची मुदत मे २०२३ मध्ये संपली असली तरी उबुंटू प्रोच्या वर्गणीवर २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. महिनाअखेर या शब्दापुढे हा आकडा ठेवला की बैठकीतला सूर जरा उतरतो.

बिल्ड मशीन जपायची का, याबद्दल ऑडिटवाल्याशी वाद घालू नका मात्र. त्याचं म्हणणं बरोबर आहे. २०२० मध्ये सोलरविंड्सच्या प्रकरणात घुसखोरांनी सोर्स रेपॉझिटरीला हात न लावता बिल्ड होत असतानाच फाइल बदलली होती. आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनातलं मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) उघडकीस आलं ते ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या व्हर्जनांमध्ये, तेही टेस्टच्या फाइलींत लपवलेलं आणि बिल्डच्या एम४ स्क्रिप्टमधून आत ओढलेलं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं म्हणून ते सापडलं. जुनं ठेवणं धोक्याचं आणि आजचं आज ओढणंही धोक्याचं, यामधूनच वाट काढायची असते.

आता चारही मशिनींचा क्रम. मी सुरुवात दुसरीपासून केली असती, यू-बूट-कर्नलवालीपासून. सगळ्यात जास्त राख तिथेच आहे आणि तिसरी तिची जुळी असल्यामुळे तुलनेला आयती मिळते. कंटेनरमध्ये बिल्ड करा, जुन्या मशीनच्या इमेजशी ताडा. चेकसम जुळले तर ती मशीन बदलून टाका, जुळले नाहीत तर फरक सापडेपर्यंत बदलू नका.

योक्टोची पहिली मशीन त्यानंतर. डनफेल एप्रिल २०२० ची शाखा, तिची मुदत एप्रिल २०२४ मध्ये संपली. २४.०४ वर ती थेट चालवायच्या फंदात पडू नका. तिचा युनिनेटिव्ह (योक्टोची सोबत आणलेली जीलिबसी) होस्टच्या जीलिबसीपेक्षा जुना असला तर तो स्वतःला बंद करून घेतो आणि एसस्टेटची, म्हणजे आधी बनवून साठवलेल्या तुकड्यांची, जुनी पुंजी उपयोगी पडत नाही. कंटेनरमध्ये हे काही होत नाही. फक्त बिटबेक (योक्टोचं बिल्ड चालवणारं साधन) रूटने चालत नाही, त्यामुळे कंटेनरच्या आतल्या आणि बाहेरच्या युजरचे क्रमांक जुळवा, आणि यूटीएफ-८ चं लोकेल आत टाकायला विसरू नका. पुढे स्कार्थगॅप या नव्या शाखेवर जाल तेव्हा २४.०४ वर अ‍ॅपआर्मर (उबुंटूचा सुरक्षा-पहारेकरी) बिटबेकला युजर नेमस्पेस वापरू देणार नाही, त्यासाठी बिटबेकपुरतं प्रोफाइल लिहावं लागतं. पण डनफेल ते स्कार्थगॅप हा बदल ओएस अपग्रेडचा भाग समजू नका. त्याने बोर्डावरचा प्रत्येक बाइट बदलतो, त्याला वेगळा व्हर्जन क्रमांक, वेगळी टेस्टिंग आणि वेगळा महिना द्या.

चौथी मशीन सगळ्यात शेवटी, आणि तिला खूप हळू. कॉर्टेक्स-एमच्या फर्मवेअरला जीलिबसीचा प्रश्न नाही, तिथे दुखणं लायसन्सचं असतं. लायसन्स बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. जुनं फ्लेक्सएलएम (लायसन्स तपासणारं सॉफ्टवेअर) ईटीएच-० याच नावाचं कार्ड शोधतं आणि आताच्या उबुंटूत कार्डाचं नाव ईएनपी असं काहीतरी असतं. शिवाय त्याचा लायसन्स डीमन एलएसबी या जुन्या लिनक्स मानकाचा लोडर मागतो. तो २४.०४ मध्ये नाही, म्हणून तिथेही फाइल समोर असून नो सच फाइल. नेहमीच्या लोडरकडे सिमलिंक दिली की तो उठतो. मी लायसन्स सर्व्हर बिल्ड मशीनवरून उचलून एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकला, मॅक पत्ता कायमचा ठरवून. त्याआधी लायसन्सच्या कागदावर व्हर्च्युअल मशीनला परवानगी आहे का ते वाचून घेतलं, तुम्हीही घ्या.

वेळेबद्दल एक शेवटचं. नव्या मशिनींचे कॅश रिकामे असतात, जुना सीकॅश (कंपायल झालेल्या फाइलींचा साठा) आणि जुना एसस्टेट त्यांच्यावर ओतू नका. म्हणजे पहिले आठ-दहा दिवस पूर्ण बिल्ड, सगळे कोर शंभर टक्क्यांवर. हे नवतप्यात केलं तर खोलीतला एसी हरतो, प्रोसेसर स्वतःला मंद करून घेतात आणि दोन तासांचं बिल्ड चार तास घेतं, मग लोक म्हणतात की २४.०४ च स्लो आहे. मुदत पुढे ढकलता आली तर डिसेंबर-जानेवारीत करा.

आणि जुन्या चार डिस्का फॉरमॅट करू नका. त्यांच्यावर तारीख आणि कमिट क्रमांक लिहून चिकटपट्टी लावा आणि कपाटात ठेवा. शेवटचं जुनं युनिट शेतातून परत येईपर्यंत त्या लागू शकतात. लायसन्स सर्व्हरचं नेमकं व्हर्जन कोणतं आणि रूटएफएसच्या स्क्रिप्टमध्ये एमकेएफएसची ओळ कशी लिहिली आहे, एवढं कळवलंत तर त्यावर पुढचं सांगतो.